ग्रीस बसला की मी बसते

दुखतंय का, हे सगळे विचारतात. दमलीस का, हे फारसं कोणी विचारत नाही. आणि विचारलंच, तर उत्तर द्यायलाही दम लागतो, म्हणून मी 'बरी आहे' म्हणून मोकळी व्हायचे. केमोच्या काळात माझ्याकडे देण्यासारखं तेवढं एकच उत्तर होतं.

आता उपचार संपलेत. आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, काय काय केलंत ते लिहून काढा, बाहेर बाकावर बसलेल्या बायका वाचतील. मी काय केलं? खरं सांगायचं तर बहुतेक वेळ पडून होते. लढाबिढा काही दिला नाही. 'झुंज दिली हो तुम्ही' असं कोणी म्हणालं की मला नाशिकच्या अंबडला आमच्या कंपनीत लागणारा सुरक्षा सप्ताहाचा फलक आठवतो. त्यावरचे शब्द मोठे असतात आणि त्याखाली उभ्या माणसाला घरी जायची घाई असते.

नेमानं मी एकच काम केलं. झाडीत जाऊन एका कुत्र्याशेजारी बसले. लोक त्याला 'कुत्र्याला फिरवणं' म्हणायचे. सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि त्यात मध्येच जे घडलं ते वगळून सांगता येणार नाही.

मेथी

मी कंपनीत तपासणी विभागात काम करते. तयार झालेले सुटे भाग हातात घ्यायचे, मोजायचे, चूक दिसली की बाजूला काढायचे. दिवसभर दुसऱ्याच्या मालातली खोट काढणाऱ्या मला स्वतःच्या मानेतली गाठ बरेच दिवस दाढेची सूज वाटत होती. दातांच्या डॉक्टरांनीच पुढे पाठवलं.

रिपोर्ट माझा होता, पण डॉक्टर बोलत होते ते माझ्या मिस्टरांशी, विलास यांच्याशी. लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, पण बरा होण्यातला, असं काहीतरी. विलासनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "हिनं स्कूटर चालवली तर चालेल ना?" डॉक्टर क्षणभर गोंधळले. मग चालेल म्हणाले.

येताना त्यांनी मेथीची जुडी घेतली. घरी मेथी होती. मग आम्ही दोघं समोरासमोर बसून दोन जुड्या निवडत बसलो. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. निम्मी मेथी झाल्यावर त्यांनी खाली बघूनच विचारलं, "ऋचाला आत्ता सांगायचं की परीक्षा झाल्यावर?" ऋचा आमची मुलगी, पुण्याला शिकते. परीक्षा झाल्यावर, असं ठरलं. निदानाचा दिवस म्हटलं की मला डॉक्टरांची खोली आठवत नाही. बोटांना लागलेला मेथीचा हिरवा डाग आठवतो.

मोसंबी

केमोच्या दिवशी सकाळी रक्त द्यायचं, मग बाकावर बसायचं, मग आत खुर्ची मिळायची. सिस्टर यायच्या, खालची पापणी ओढून बघायच्या आणि 'फिकट आहे' म्हणायच्या. मग शीर शोधायला सुरुवात. माझ्या शिरा लपून बसतात. एकदा सापडली की सलाईन तासन्‌तास चालायचं आणि मी छताकडे बघत राहायचे.

विलास मला दारापर्यंत सोडायचे आणि पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसायचे. औषधांचा वास सहन होत नाही म्हणायचे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर वणीकडच्या एक काकू असायच्या. त्यांचा नवरा स्टुलावर बसून त्यांना मोसंबी सोलून द्यायचा. फोड काढायची, पांढरे दोरे काढायचे, बी काढायची, मग हातात ठेवायची. काकू खायच्याही नाहीत कधी कधी. मी मान दुसरीकडे वळवायचे. मला मोसंबी नको होती. सोलणारं माणूस हवं होतं.

हे मी विलासना तेव्हा बोलले नाही. भांडायलाही अंगात ताकद लागते. राग मात्र साठत गेला. केस गेले, चव गेली, झोप गेली, पण राग कसा कोण जाणे तसाच राहिला.

ग्रीस

डॉक्टरबाईंनी चालायला सांगितलं होतं. सोसायटीत चालायला गेले तर प्रत्येक बाकावर एक सल्ला बसलेला. कोणी गव्हांकुर, कोणी पपईचा पाला. एक बाई तर डोक्याच्या रुमालाकडे बघत 'तुमचं तोंड नाही हो उतरलेलं' म्हणाल्या. चार फेऱ्यांत मी वर येऊन पडायचे.

त्याच सुमारास शैलाताई भेटायला आल्या. त्या आमच्याच स्टोअरमधून रिटायर झालेल्या. आता म्हसरूळच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, जखमी आणि सोडून दिलेल्या कुत्र्यांसाठी त्यांनी आणि आणखी काही जणांनी निवारा काढलाय. येताना त्यांनी फळं आणली नाहीत. बरी होशील असंही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "रविवारी ये. आम्ही कुत्र्यांना झाडीत नेतो. सावली आहे, आणि कोणी काही विचारत नाही."

डॉक्टरबाईंनी अटी घातल्या. केमोनंतर रक्तातल्या पेशी खाली जातात त्या आठवड्यात जायचं नाही, चाटून घ्यायचं नाही, घरी आल्याबरोबर हात साबणानं धुवायचे. विलासना हे अजिबात पसंत नव्हतं. त्यांनी गाडीच्या सीटवर प्लॅस्टिक घातलं, जणू कुत्रा घरीच येणार होता. पण त्यांनी नेलं. न्यायला त्यांनी कधीच नाही म्हटलं नाही, हे आता लिहिताना लक्षात येतं.

निवाऱ्याच्या मागून एक पायवाट निघते. आधी घाणेरीची झुडपं, मग साग, मध्येमध्ये पळस, करवंदाच्या जाळ्या, आणि वर डोंगर. बाकीची कुत्री सुटल्यासारखी ओढत निघायची, धरणारी माणसं त्यांच्यामागे धावायची. शैलाताईंनी माझ्या हातात जो पट्टा दिला त्याच्या टोकाला एक तपकिरी, बोजड कुत्रा बसलेला होता. नसबंदी केल्याची खूण म्हणून कानाचं टोक कापलेलं, मागचा एक पाय जरा आखडलेला.

तो आमच्या अंबडचाच निघाला. एमआयडीसीत एका ट्रेलरखाली सापडला होता, अंगभर ग्रीस माखलेला. धुऊन काढेपर्यंत तो तपकिरी आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून नावच ग्रीस पडलं. मोठा हॉर्न ऐकला की तो अजून जमिनीला चिकटतो. आणि चालायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. थोडं चालला की बसतो. ओढलं तर आडवा होतो.

"याला कोणी घेत नाही फिरवायला," शैलाताई म्हणाल्या. "तुम्ही दोघं जमेल तिथवर जा आणि बसा."

आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. पहिल्या रविवारी आम्ही पहिल्या पळसापर्यंत गेलो. तो बसला. मला आनंदच झाला, कारण मलाही बसायचं होतं, पण थांबू या असं म्हणायची लाज वाटत होती. मी शेजारच्या दगडावर बसले. तो माझ्याकडे पाठ करून झाडीकडे बघत राहिला. मीही तिकडेच बघत राहिले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशेजारी माझ्याकडे न बघता बसलं होतं.

असे बरेच रविवार गेले. पुढे पुढे मी अधल्यामधल्या दिवशीही जायला लागले. ग्रीस बसला की मी बसायचे, तो उठला की उठायचे. हळूहळू त्याची पाठ माझ्या बुटाला टेकायला लागली. लाड त्याला येत नाहीत. हात फिरवला तर तो सहन करतो, जसं मी नातेवाइकांना करायचे. माझा पेशी खाली जाण्याचा आठवडा संपून मी परत गेले तेव्हा शैलाताई म्हणाल्या, "तुझी वाट बघत होता." कशावरून, मी विचारलं. "दुसऱ्या कोणाबरोबर चालला नाही." मी म्हटलं, तो माझ्याबरोबर तरी कुठे चालतो?

पण एके दिवशी चालला. पळस मागे टाकला, सागाची रांग मागे टाकली, आणि वळणाकडे निघाला. मला दम लागला म्हणून पट्टा हातातून सुटला. तो वळणापाशी गेला, थांबला आणि मागे वळून बघत उभा राहिला. बसलासुद्धा नाही. मी धापा टाकत, झाडांना धरत पोचेपर्यंत उभा होता. माझ्यापुढे गेलेलं कोणीतरी माझ्यासाठी थांबलं होतं, आणि 'चल, चल' म्हणत नव्हतं. मी तिथे रडले. तो तोवर खाली बसला होता आणि पाय चाटत होता.

चानकी

शेवटच्या दोन केमो राहिल्या तेव्हा आई आली. सटाण्याजवळ आमचं माहेर. घरची कांद्याची शेती, अजून भाऊ करतो. आईचं जेवण कांद्याशिवाय होत नाही. भाजी कुठलीही असो, ताटाशेजारी कांदा ठेवून ती मुठीनं फोडते आणि आधी त्याचा मधला कोंब तोंडात टाकते. या वयातही एका बुक्कीत फुटतो.

आमचं कुलदैवत खंडोबा. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, म्हणून आमच्या घरात कुत्र्याला कधी कोणी दगड मारला नाही. भाकऱ्या झाल्या की परातीत उरल्यासुरल्या पिठाची एक लहानशी चानकी आई थापायची, ती दारातल्या कुत्र्याची. नाशकात, तिसऱ्या मजल्यावरही ती चानकी करत राहिली. आमच्याकडे दारात कुत्रा नाही, तर मला विचारलं, "तुले फिरावतस तो कुत्रा कोठे शे?"

मी त्याला फिरवते की तो मला, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. विलास तिला घेऊन गेले. ती ग्रीससमोर बराच वेळ बसली, हात जोडून. घरी येऊन तिनं सांगितलं की तिनं नवस बोललाय. माझी लेक उठू दे, चंपाषष्ठीपासून पाच दिवस देवाचा घास याला घालीन. म्हणजे नवस फेडणं आधी आणि पावणं नंतर. देवावर एवढी उधारी ठेवायची आईची हिंमत होती.

चंपाषष्ठीला आमच्याकडे खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे असा नैवेद्य असतो. रोडगा म्हणजे भाजलेला जाड गोळा. कोणी चातुर्मासात सोडलेले कांदा-वांगी त्या दिवशी पुन्हा सुरू करतात, म्हणून भरितात पातीचा कांदा सढळ हातानं पडतो. नैवेद्य दाखवून झाला की गाईचा आणि कुत्र्याचा घास आधी निघतो. पिढ्यान्‌पिढ्या निघतोय. मी त्या दिवसांत केमो होऊन पडलेली होते. भरिताचा वास मला सोसेना म्हणून आईनं माझ्या खोलीचं दार लावून घेतलं.

पाचही दिवस विलासनी तिला गाडीतून नेलं. शैलाताई भाचीच्या लग्नाला गावी गेल्या होत्या. निवाऱ्याच्या फाटकावर पाटी आहे, बाहेरचं खाणं देऊ नये. तिथल्या कामावरच्या माणसानं आईच्या कपाळावरचा भंडारा बघितला, हातातलं ताट बघितलं आणि हात जोडून फाटक उघडलं. देवाच्या नैवेद्याला नाही कोण म्हणणार? मी असते तर मीही म्हटलं नसतं. आमच्यात कोणालाच काही माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी भरीत-रोडगा. मग पातीची भाजी, मग कांदा घालून झुणका, सगळं भाकरीत कुस्करून, मळून, कारण ग्रीसला ते फार आवडलं. एरवी जेवणाला तोंड न लावणारा कुत्रा. आई रोज येऊन माझ्या उशाशी बसायची आणि आनंदानं सांगायची, "ताट चाटीसन साफ करं तेनी. आते तू बी दोन घास खा व माय."

मी दोन घास खाल्ले. ग्रीसनं खाल्लं म्हणून खाल्ले, हे खरं आहे.

पांढरी हिरडी

माझा वाईट आठवडा संपला आणि मी गेले. शैलाताई कालच परतल्या होत्या. त्या फाटकातच म्हणाल्या, "ग्रीस येतो की नाही बघू. सकाळपासून उठत नाहीये."

ग्रीस माझ्याकडे बघून उठायला गेला आणि पुढच्या पायांवरच राहिला. श्वास भराभर चालला होता. त्यानं जिथे लघवी केली होती तिथली फरशी काळ्या चहाच्या रंगाची झाली होती. शैलाताईंनी त्याचा ओठ वर केला. हिरडी पांढरी. मग त्यांनी त्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढली, अगदी सिस्टर माझी ओढतात तशी. "रक्तच नाही याच्यात," त्या म्हणाल्या.

विलास बाहेर गाडीपाशी होते. मी हाक मारली. ते आले, बघितलं, आणि ग्रीसला दोन्ही हातांवर उचललं. सीटवरचं प्लॅस्टिक घसरत होतं म्हणून ओढून काढलं, आणि त्याला तसाच सीटवर ठेवला.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. त्यांनी तपासलं आणि विचारलं की गेल्या काही दिवसांत याला काय खायला दिलं. शैलाताई म्हणाल्या, आमचं नेहमीचंच. विलास बोलले, "नाही. आम्ही दिलंय. भरीत, पातीची भाजी, झुणका." डॉक्टरांनी विचारलं, कांदा होता? किती दिवस? विलासनी सांगितलं. मग डॉक्टरांनी सांगितलं ते आम्ही तिघांनी उभ्यानं ऐकलं. कांदा कुत्र्याला चालत नाही. कच्चा नाही, शिजवलेला नाही, पातही नाही. जास्त गेला की त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात, आणि ते लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतं. सलाईन लावतो, पण याला रक्त द्यावं लागेल. तरीही सांगता येत नाही.

"कोणी दिलं हे?" डॉक्टरांच्या आवाजात राग होता, आणि तो बरोबर होता.

"मी," विलास म्हणाले. "रोज मीच घेऊन जात होतो."

आईचं नाव त्यांनी काढलं नाही.

मग डॉक्टरांचं लक्ष माझ्या रुमालाकडे गेलं. त्यांनी नरमाईनं सांगितलं की ताई, इथे जंतू असतात, तुम्ही आत थांबू नका. शैलाताई निवाऱ्यातला एक दांडगा कुत्रा रक्त द्यायला आणायला गेल्या. विलास ग्रीसला धरायला आत राहिले. मी पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले.

जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. गाडीत बसल्यावर करण्यासारखं काहीच नसतं. आत काय चाललंय ते कळत नाही, दार उघडलं की छातीत धडकी भरते, आणि तरी ते उघडावं असं वाटत राहतं. समोरच्या भिंतीवरची जाहिरात मी इतक्या वेळा वाचली की शब्द सुटे झाले. आतला माणूस निदान झोपतो तरी. केमोच्या प्रत्येक दिवशी विलास असेच गाडीत बसत होते, आणि मी समजत होते की ते सुटलेत. माझा राग सगळा गेला असं नाही. पण तो धरून बसायला आता पहिल्यासारखी जागा राहिली नाही.

दुपार कलल्यावर ते बाहेर आले. शर्टावर रक्ताचा डाग होता. "दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवलं," ते म्हणाले. "मी त्याचं डोकं धरून बसलो होतो. शीर सापडत नव्हती त्याची." आणि स्टिअरिंगवर हात ठेवून ते रडायला लागले. सापडत नव्हती, असं पुन्हा म्हणाले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. घरी जायला आम्हाला बराच वेळ लागला.

ताटाबाहेर

आईला सांगायचं नाही, असं गाडीत ठरलं. वय झालंय, नवस आहे, उगीच तिच्या जिवाला घोर. घरी आई जेवायची थांबली होती. चानकी फडक्यात बांधून तयार होती. ती म्हणाली, पाच दिवस झाले खरं, पण आजचीही नेऊन द्या. विलास म्हणाले, त्याचं पोट जरा बिघडलंय. आईनं त्यांच्या शर्टाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मन्हा हातनं काही व्हयनं का?"

विलास नाही म्हणणार होते. मला दिसत होतं. पण या आजारात मला औषधांनी दमवलं नाही तेवढं खोट्या धीरानं दमवलं. सगळे दाराबाहेर एक बोलायचे आणि आत येऊन दुसरं. तीच वागणूक मी आईला देऊ शकले नाही. मी सांगितलं. कांदा कुत्र्याला विषासारखा असतो, आपल्याला माहीत नव्हतं, आणि ग्रीस जगेल की नाही हे अजून कळत नाही.

आई रडली नाही. ताटाशेजारी कांदा होता, न फोडलेला. तिनं तो उचलून लांब ठेवला आणि हात धुतला.

"आतेपासून बंद," ती म्हणाली.

मग तिनं भाकरी चटणीला लावून खाल्ली. मी तिला तसं जेवताना पहिल्यांदाच बघत होते.

स्टूल

त्याच आठवड्यात माझी शेवटची केमो होती. मी विलासना म्हटलं, मी नाही जात. पुरे झालं. हे भीतीनं नव्हतं, धैर्यानंही नव्हतं. अंगात काही उरलंच नव्हतं. ग्रीस सलाईनवर पडलेला होता आणि मलाही तसंच पडून राहायचं होतं, कोणीही न उठवता. हे कोणी वाचत असेल आणि तिला असं वाटत असेल, तर तिला एवढंच सांगते की असं वाटतं. त्यात तुमची चूक नाही.

विलासनी समजावलं नाही. रोज संध्याकाळी ते जनावरांच्या दवाखान्यात जाऊन ग्रीसपाशी बसत होते आणि येऊन मला हिरडीचा रंग सांगत होते. आज पांढरीच. आज पांढरीच, पण पाणी प्याला. केमोच्या सकाळी ते सांगायला लागले की डॉक्टर म्हणतात याला आज अजून एक सलाईन, सुईला तो आता दात दाखवतो, पण लावून घेतो. मी उठून साडी बदलली.

दारापाशी मी नेहमीसारखी त्यांच्या हातातून पिशवी घेतली. त्यांनी ती सोडली नाही. आत आले. माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले. सिस्टरनी पापणी ओढली, शीर शोधली, वास येत होता तसा येत होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण ते बसले. मोसंबी त्यांनी आणली नव्हती. दुपारी त्यांना फोन आला. तो ऐकून त्यांनी माझ्या कानापाशी वाकून सांगितलं, "लघवी साफ झाली त्याची."

शेजारच्या काकूंनी चमकून बघितलं. कोणाची, हे मी त्यांना समजावलं तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की सलाईनची नळी हलायला लागली. त्या खोलीत मी पहिल्यांदाच हसले असेन.

वळणापर्यंत

ग्रीस वाचला. हिरडी गुलाबी व्हायला वेळ लागला, चालायला त्याहून वेळ लागला. माझंही तसंच. डॉक्टरबाई सांगतात की तुमचे रिपोर्ट चांगले आहेत. मी मान हलवते. चांगले रिपोर्ट आले तरी थकवा लगेच जात नाही, तो भाडेकरूसारखा सामान आवरत आवरत बसतो. यासाठीही कोणी घाई करू नये.

निवाऱ्याच्या फाटकावरच्या पाटीखाली आता दुसरी पाटी आहे. नैवेद्यसुद्धा नाही, असं तिच्यावर लिहिलंय. अक्षर विलासचं आहे.

यंदा चंपाषष्ठीला आई आली. तिनं देवापुढं भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, आम्हाला वाढला, आणि स्वतः नुसता रोडगा तुपाशी खाल्ला. भरिताला हात लावला नाही. विलासनी सवयीनं तिच्या ताटाशेजारी कांदा ठेवला होता. तो तिनं त्यांच्याकडे सरकवला. भाऊ सांगतो, घरी खळ्यावर कांद्याचा ढीग असतो, ती निवडते, वाळवते, साठवणीच्या चाळीत भरते, पण तोंडात घालत नाही.

जेवणानंतर आम्ही झाडीत गेलो. आईनं कोरडी चानकी नेली होती. ग्रीसनं ती हुंगली, उचलली आणि सावकाश खाल्ली. तो आम्हा तिघांच्या पुढे चालत होता. पळसापाशी बसला. आम्हीही बसलो. विलास जरा पुढे, वळणापर्यंत जाऊन येतो म्हणाले.

मी आईला म्हटलं, "अगं, तो आता ठणठणीत आहे. मीही उठले. तू बोललीस ते सगळं झालं. आता खा की कांदा."

आईनं ग्रीसच्या कापलेल्या कानावर हात ठेवला. त्यानं सहन केला.

"तो बरा व्हवाले पाहिजे म्हनीसन सोडेल नही," ती म्हणाली. "मी चारं म्हनीसन सोडेल शे."

चारला तिनं, म्हणून सोडला तिनं. माझ्यासाठी तिनं देवाकडे मागितलं होतं. याच्यासाठी ती काही मागत नव्हती. मी तिच्या खांद्याला टेकले, ग्रीस माझ्या बुटाला टेकला. वळणापाशी विलास थांबून मागे बघत होते. त्यांनी हाक मारली नाही. आम्ही पळसाखालचे तिघंही दमलो होतो आणि उठायची घाई कोणालाच नव्हती.